तीन घरांचा येशू

रविवार, ५ नोव्हेंबर २००६

नाटक लिहून झालं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि विमलला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "थांबा जरा, दूध उतू जाईन." असो. नाटककाराच्या घरी हे चालायचंच.

नाव 'मी निघालो'. विषय येशू ख्रिस्त. जयपूरच्या महाराष्ट्र मंडळात आजवर कोणी या वाटेला गेलेलं नाही. गेल्या महिन्यात बाबांना घेऊन नागपूरला गेलो होतो. त्यांनी दीक्षा घेतली त्याला पन्नास वर्षं झाली. त्या जनसागरात उभा असताना डोक्यात आलं की धर्म काढणारा माणूस म्हणजे जुन्या घराचं दार मागे ओढून घेणारा माणूस. येशूने तरी दुसरं काय केलं? यहुद्यांच्या घरात जन्मला, त्यांच्या पुजाऱ्यांना सुनावलं, आणि निघाला. तिसऱ्या प्रवेशात आई दारात रडते आहे आणि तो म्हणतो, "तुमचं देऊळ तुम्हाला लखलाभ. आजपासून मी तुमचा कोणी नाही." हे लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

मंडळाची एकांकिका स्पर्धा २३ डिसेंबरला आहे. सात वर्षं आम्हा रेल्वेवाल्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळतंय आणि सात वर्षं जयंतरावांच्या विमावाल्यांना पहिलं. जयंतराव मंडळाचे अध्यक्षही आहेत, पण ते मी लिहिणार नाही, लोक म्हणतील नाचता येईना अंगण वाकडं. यंदा नाटकच असं आहे की कोणाला काही म्हणायची सोयच राहणार नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

पात्रं ठरली. येशू: आमच्या कॉलनीतला संग्राम, वय चोवीस, जवळच्या बस्सी गावातल्या बँकेत नोकरीला. संग्राम नावाचा मुलगा शांतिदूत होणार म्हणून सगळे हसले. दिसायला अगदी योग्य, दाढी आपोआप वाढलेली, पण जन्म जयपूरचा. मराठी अशी बोलतो की प्रत्येक वाक्याच्या मध्ये एक 'मतलब' बसलेला असतो. "काका, हे 'लखलाभ' मतलब काय?" समजावून सांगितलं. म्हणाला, "अच्छा, मतलब मुबारक हो." म्हटलं, हो बाबा, तेच.

पेत्र: सतीशभाऊ. रेल्वे दवाखान्यात कंपाउंडर, मूळचे अहमदनगरचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यांना घेतल्याने नाटकाला आपोआप वजन येईल.

आणि मरिया: रिबेका झिराडकर. टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत, सहा महिन्यांपूर्वी बदलून आल्या. रायगडाकडच्या. नाव रिबेका, म्हणून मी म्हटलं, वा, ख्रिस्ती घरातली आई मिळाली. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी ज्यू आहे, उत्तमराव. बेने इस्राएल. आमच्याकडे गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून." आपल्या कोकणात दोन हजार वर्षांपासून ज्यू राहतात, असं त्या सांगतात; मला हे माहीतच नव्हतं. आणि मराठी त्या माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतात. बाईंनी एक उतारा वाचला तेव्हा विमल कणीक मळायची थांबली. आई मिळाली!

मी प्रवेश एकेक करून वाटतो. म्हणजे गुपित राहतं आणि नटांना उत्सुकता वाटते. तिसरा प्रवेश अजून माझ्या कपाटात आहे.

शनिवार, १८ नोव्हेंबर

सुटीचा दिवस बघून तालीम ठेवली, तर रिबेकाबाई नाहीत. काल संध्याकाळीही नव्हत्या. मोठ्या अधिकारी असल्याचा तोरा असेल. सतीशभाऊ म्हणाले, "त्यांचा शब्बाथ असेल हो, विसाव्याचा दिवस." मी म्हटलं, तालीम म्हणजे काय घाणा आहे का? ते हसले नाहीत.

रविवार, १९ नोव्हेंबर

आज शेवटच्या भोजनाचा प्रवेश. प्रसंग जिवंत वाटावा म्हणून पावभाजीवाल्याकडून पावाच्या दोन लाद्या आणल्या होत्या. ख्रिस्ती म्हटलं की पाव, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विहिरीत पाव टाकून अख्खी गावं बाटवल्याच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकलेल्या.

रिबेकाबाईंनी त्या लाद्या पाहिल्या आणि खुर्चीत बसून हसायलाच लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"उत्तमराव, जेवण कुठल्या सणाचं आहे?"

मी पेत्राकडे बघितलं. सतीशभाऊ म्हणाले, "वल्हांडणाचं." आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. "अरे देवा. वल्हांडण! बेखमीर भाकरीचा सण. चाळीस वर्षं मी हे वाचतोय आणि चित्रात मात्र पावच बघतोय."

"आमची आजी त्या सणाला अनशी धाकाचा सण म्हणायची," बाई म्हणाल्या. "घरातली आंबवणाची बरणी झाकून ठेवायची. आठ दिवस आंबलेलं, फुगलेलं काही नाही. आणि तुम्ही त्याच दिवशी येशूच्या पानात लादीपाव वाढलात."

मग दोघं असे बोलत सुटले की दिग्दर्शक कोण हे विसरून गेले. सतीशभाऊंना शब्द माहीत होते, कडू भाजी, द्राक्षारस, पाय धुणं. बाईंना ते शब्द घरात कसे करतात ते माहीत होतं. आधी कोण उठतं, दिवा कोण लावतं, भाकर मोडायच्या आधी काय म्हणतात. सतीशभाऊ मधेच पावाची लादी बाजूला सारून म्हणाले, "म्हणजे तो जेवायला बसला तो तुमच्या घरात." बाई म्हणाल्या, "मग कुठे बसणार?"

पाव आम्ही चहाबरोबर संपवले. बाबांनी चार खाल्ले.

रविवार, २६ नोव्हेंबर

लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

तिसरा प्रवेश वाटला. संग्रामने वाचला. "आजपासून मी तुमचा कोणी नाही." चांगलं वाचलं पोराने, मतलब न म्हणता वाचलं. पुढे जमाव ओरडतो, "यहुद्यांनो, मारा याला!" आणि पडदा.

रिबेकाबाईंनी कागद दुमडून माझ्या हातात दिला. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं.

"हे मी करणार नाही. एक तर तो असं बोललाच नाही. आणि दुसरं म्हणजे क्रूस रोमनांचा, खिळे रोमनांचे, आमच्यात ती शिक्षाच नव्हती. या एका ओळीवरून जगात आमची किती माणसं मारली गेली, माहीत आहे तुम्हाला? भारतात कोणी आम्हाला बोटही लावलं नाही, उत्तमराव. इथे ही ओळ पहिल्यांदा तुम्ही लिहिलीत."

मी म्हटलं, नाटक आहे, संघर्ष लागतो. सतीशभाऊ मधे पडले: याजकांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, त्याला धरून दिलं हे लिहिलेलं आहे, ते खोटं म्हणता येणार नाही, पण शिष्यही ज्यूच होते, आईही त्यांच्यातलीच. मी म्हटलं, धर्म सोडणाऱ्याला दार आपटावंच लागतं, माझ्या घरातलं उदाहरण आहे! आणि बाबांकडे बोट दाखवलं. बाबा कोपऱ्यात मटार सोलत बसले होते. ते उठले आणि उन्हात जाऊन बसले.

रिबेकाबाई गेल्या. सांगितलं तेव्हा विमल एवढंच म्हणाली, "त्या बाईच्या माणसाईले तुमी तिच्याच पोराले शिव्या द्यायला लावत होते." अडाणी समजूत.

रविवार, ३ डिसेंबर

मरिया नाही. शेजारच्या सुमनताईंना विचारलं, त्या म्हणाल्या गुडघे दुखतात. विमलला उभं केलं, ती संग्रामला बघून म्हणाली, "बारीक झाला रे, जेवतोस ना?" आणि तालीम संपली. वीस दिवस उरले. नाटक मागे घेतलं तर जयंतराव सांत्वन करायला येतील, ते मला सोसणार नाही.

खरं सांगायचं तर मला त्या बाईंचा राग येत नाहीये. लाज वाटते आहे. पण ओळ चांगली आहे, ती कशी खोडू?

बुधवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. सकाळी वंदना झाली. पन्नास वर्षं यालाही. बाबांजवळ बसलो होतो. मी काही विचारलं नव्हतं, आपणहूनच बोलले. अमरावतीच्या बोलीत बोलले, तसंच उतरवतो.

"दीक्षा घेऊन नागपूरहून आलो अन् दुसऱ्या दिवशी सगळे देव नदीत नेऊन टाकले. माय वट्ट्यावर बसली होती. म्हणे, मंग आता तू माहा पोरगा आहेस का नाहीस?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काहीच नाही. कापसाच्या जिनिंगात भोंगा झाला होता. कामाले निघून गेलो. दोन वर्षांनी मेली ते. मधात बोललो असन हजारदा, मीठ दे, पाणी दे. पण त्याचं उत्तर नाही देल्लं." मग काठी मांडीवर आडवी घेतली. "दीक्षेचा पस्तावा नाही मले. एक दिवसही नाही. पण ते वेगळं अन् हे वेगळं."

काय संवाद आहे! आयताच मिळाला. लगेच आत येऊन टिपून ठेवला. आईच्या तोंडी घालणार. बाबा मागून काही म्हणत होते बहुतेक, मी लिहीत होतो.

रविवार, १० डिसेंबर

रिबेकाबाईंकडे गेलो. एकट्याने जायचा धीर होईना म्हणून सतीशभाऊंना बरोबर घेतलं. बाईंच्या दाराच्या चौकटीला, धर्मग्रंथातल्या ओळी आत ठेवलेली एक लहानशी तिरकी डबी ठोकलेली आहे. आत जाताना त्यांनी तिला बोट लावून ओठांना लावलं, अगदी न बघता, सवयीने.

"येशूच्या घरालाही हे असणार?" मी विचारलं.

"असणारच. आठव्या दिवशी सुंता झालेला, शनिवारी प्रार्थनेला जाणारा, डुकराला हात न लावणारा मुलगा होता तो. पुजाऱ्यांशी भांडला, ते घरातलं भांडण. आमच्याकडे दोन ज्यू बसले की तीन मतं असतात. घरात भांडणारा घर सोडतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मग नवा धर्म?"

"तो मागाहून झाला. सतीशभाऊंना विचारा, त्यांना राग येईल."

"राग कशाला," सतीशभाऊ म्हणाले. "पण बाई, तो नुसता तुमच्या आळीतला मुलगा नव्हता. तो देवाचा पुत्र. मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. त्याच्यावर माझं घर उभं आहे. ते मी तुमच्या चहासाठी सोडणार नाही."

"सोडू नका. मी मानत नाही. आमचा मसीहा यायचा आहे अजून."

"आमचा परत यायचा आहे."

"मग बसू वाट बघत. तोवर हलवा घ्या."

गव्हाच्या चिकाचा हलवा होता, नारळाच्या दुधातला. मी दोन वड्या खाल्ल्या आणि वहीतून तिसरा प्रवेश फाडून टेबलावर ठेवला. तोंडाने माफी मागायची होती, ती हलव्याबरोबर गिळली गेली. बाईंनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताटलीत तिसरी वडी ठेवली. बहुधा पोचली.

मग तिघांनी मिळून तह केला. आईचं घर, सणाचं जेवण, प्रार्थना, रोमनांचा क्रूस, एवढं तिघांनाही मान्य. जमाव गेला. शेवटी सतीशभाऊंना पुनरुत्थान हवं होतं. बाई म्हणाल्या, "दगड सरकलेला दाखवा आणि थांबा. पुढचं ज्याने त्याने घरी जाऊन ठरवावं." सतीशभाऊंनी बराच विचार केला. म्हणाले, "दगड मात्र मोठा पाहिजे."

मी काय गमावलं? माझा निघून जाणारा येशू. रात्रभर हळहळ वाटेल असं वाटलं होतं, पण सायकलवरून येताना शीळ घालत होतो.

रविवार, १७ डिसेंबर

आमच्या स्वयंपाकघरात बेखमीर भाकरी झाल्या. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत तव्यावरून उतरली पाहिजे, नाहीतर आंबायला लागते, असा नियम. विमलने माझं घड्याळ काढून घेतलं आणि रिबेकाबाईंना म्हणाली, "अठरा कशाले, दहात करते." नऊ मिनिटांत बारा भाकरी. न मीठ, न तेल. बाई थक्क. "आमच्या अलिबागच्या चुलीवर तुमच्यासारखी सून हवी होती." विमल लाल झाली. माझ्या कुठल्याही वाक्याने तिचं असं झालेलं आठवत नाही.

नव्या प्रवेशात येशू सणासाठी घरी येतो. आई विचारते, "मग आता तू माझा मुलगा आहेस की नाहीस?" आणि तो सोळा ओळींचं उत्तर देतो. त्यात नदी आहे, झाड आहे, बीज आहे, सगळं आहे. संग्रामला नवव्या ओळीपुढे जाता येत नाही. "काका, छोटा नाही करू शकत?" म्हटलं, बाळा, याच सोळा ओळींवर बक्षीस आहे.

बुधवार, २० डिसेंबर

चिठ्ठ्या टाकल्या. आमचा पहिला नंबर, शनिवारी पाच वाजता. रिबेकाबाई म्हणाल्या, आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्यांचा शनिवार संपत नाही.

सिव्हिल लाइन्सला जयंतरावांच्या बंगल्यावर गेलो. सात वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. म्हटलं, आम्हाला शेवटी घ्या, आमच्या आईचा शब्बाथ आहे. ते चष्म्यावरून बघत राहिले. "उत्तमराव, तुम्ही विनंती करताय?" म्हटलं, करतोय. त्यांनी आपला शेवटचा नंबर मला दिला. आता त्यांना नावं ठेवायची पंचाईत झाली.

शनिवार, २३ डिसेंबर

पहिलं! पहिलं!! लेखनाचं पहिलं, अभिनयाचं रिबेका झिराडकर, नाटकाचं पहिलं! जयंतरावांनी स्वतः ढाल दिली आणि माझा हात सोडेनात. मी सगळ्यांना वर बोलावलं, भाकरीसाठी विमललासुद्धा. सतीशभाऊंनी दगड ढकलणाऱ्या दोन्ही पोरांना कडेवर घेतलं. आता नीट क्रमाने लिहितो.

सहाच्या पुढे आम्ही सगळे मागच्या अंगणात स्वेटर घालून आकाशाकडे माना वर करून उभे. तिसरा तारा विमलने दाखवला. रिबेकाबाई रिक्षातून आल्या, साडीवरच आईची ओढणी घेतली आणि सरळ रंगमंचावर.

पहिला प्रवेश ठीक. दुसऱ्यात सतीशभाऊंना इतक्या टाळ्या की ते दचकले. मग तिसरा. बाईंनी दिवा लावला, डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना म्हटली, त्यांची स्वतःची, हिब्रूत. हॉलमध्ये कोणी खोकललं नाही. संग्राम दारातून आला. बाईंनी वळून बघितलं आणि विचारलं. हळू, जसं भाजीत मीठ झालं का विचारतात तसं. "मग आता तू माझा मुलगा आहेस की नाहीस?"

संग्राम गप्प.

मी पडद्याआडून पहिली ओळ पुटपुटलो. दुसऱ्यांदा पुटपुटलो. त्याचे डोळे कोरे. सोळाच्या सोळा ओळी गेल्या होत्या. सात वर्षांची उत्तेजनार्थ बक्षिसं माझ्या डोळ्यांपुढे ओळीने उभी राहिली.

मग तो पुढे आला, आईसमोर खाली बसला आणि म्हणाला, "आई, मी गेलोच कुठे?"

एवढंच. भाकर उचलली, मोडली, अर्धी तिला दिली. रिबेकाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सतीशभाऊ माझ्या शेजारी उभे होते, ते तोंड फिरवून डोळे पुसायला लागले. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. माझ्या नाटकातलं सगळ्यात चांगलं वाक्य माझं नाही, आणि आज मला त्याचं काहीही वाटत नाही. नंतर विचारलं तर संग्राम म्हणाला, "काका, सगळं भूल गया होतो. काकू अशा बघत होत्या ना, मतलब, निघालं तोंडातून."

पण एक राहिलं. टाळ्या चालू असताना मी फटीतून समोर पाहिलं. पहिल्या रांगेत बाबा उभे होते, काठी न घेता. टाळी वाजवत नव्हते. लोकांना वाटलं नाटकाला मान देतायत, म्हणून मागच्या रांगाही उठल्या, आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहिला. विमल त्यांची शाल ओढत होती, "बाबा, बसा न." ते स्टेजकडेही बघत नव्हते. त्यांचे ओठ हलताना दिसले, आणि टाळ्या जरा ओसरल्या तेव्हा ऐकू आलं.

"आयकलं का, माय?"

पडदा पडेपर्यंत ते बसले नाहीत.